ताव्हाँशच्या नावाने

वरचं कुरण, झोर्व्हा
१४ जुलै १९५७

ताई,

शहरात राहून तुझं नाक फारच वर गेलंय. विचारतेस काय, तर "अजून हातानेच चीजची कढई घासता का?" नाही, पायाने घासतो! तू लोझानला बसून दिवसभर लोकांची घाण काचेच्या नळ्यांत भरतेस, आणि आम्हाला स्वच्छता शिकवतेस. मजाच आहे.

बरं, बातमी ऐक. आपली ग्रिओत पुन्हा राणी झाली. पंचेचाळीस काळ्या गाई कुरणावर सोडल्या, तासभर शिंगाला शिंग, आणि शेवटी सगळ्या बाजूला झाल्या न् ही एकटी मधे उभी. मोठी घंटा तिच्याच गळ्यात. माझी छाती अशी फुगली की फ्लोरांतीन म्हणाली, "अहो, घंटा तुम्हीच घाला." खरं सांगायचं तर मला धाकधूक होती. मे महिन्यात पंधरा दिवस तिला हगवण लागली होती, अंगही तापलेलं. पशुवैद्याला बोलावलं असतं तर त्याने तिला खालीच बांधून ठेवायला लावलं असतं. राणी खाली आणि कळप वर, असं आपल्या घराण्यात कधी झालंय? मी मुळ्यांचा काढा पाजला आणि घेऊन आलो. आता टुणटुणीत आहे, दूधही सगळ्यांत जास्त तिचंच.

दुसरी बातमी याहून मोठी. सप्टेंबरात सरकारी माणूस तळघर बघायला येणार. पसंत पडलं तर आपल्या चीजला शिक्का. चीजच्या प्रत्येक गोल चाकाच्या सालीवर 'झोर्व्हा', आणि दुसऱ्या कुणालाही ते नाव वापरायची बंदी. बाबा असते तर रडले असते.

आमच्या लेकीचा, ओदिलचा, पुढचा दात पडला. खाली ताव्हाँशला शिबिराला उतरलेली शहरातली चाळीस पोरं परवा चालत वर आली होती, तेव्हा हीच मालकीण! कढईतून काढलेला चीजचा कोवळा गोळा स्वतःच्या हाताने प्रत्येकाला वाढला. नंतर पोरांना तळघरात नेऊन स्वतःच्या नावाचं चाक दाखवलं. म्हणे, "हे माझ्या मयताला कापायचं." शिबिराच्या बाईंचा चेहरा पांढराफटक. मी सांगितलं, बाई, आमच्याकडे बारशाला प्रत्येकाच्या नावाचं एक चाक ठेवतात, धर्मबाप त्यावर नाव कोरतो, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? तरी त्या लवकरच निघाल्या.

ओदिलच्या धर्मबापाने, आपल्या ओनेझिमकाकांनी, तुला आशीर्वाद कळवलाय. म्हातारा अजून ताव्हाँशची कढई एकट्याने उचलतो.

तुझा
सेराफाँ

*

लोझान
९ ऑगस्ट १९५७

सेराफाँ,

माझं नाक वर गेलंय म्हणतोस ना, आज ते छताला टेकलंय. ऐक.

मागच्या आठवड्यात इस्पितळातून आठ मुलांचे नमुने आले. ताप, जुलाब, रक्त. साल्मोनेला आहे हे दुसऱ्या दिवशीच कळलं. आता साल्मोनेला म्हणजे एक जंतू नव्हे, गोतावळा आहे. शेकडो जाती आहेत, आणि कुठली ते ओळखायचं म्हणजे काचेवर थेंब घ्यायचा, त्यात एकेका जातीला ओळखणारं रक्तजल, म्हणजे सीरम, घालायचं आणि हलवायचं. जुळलं तर विरजण लागल्यासारखे बारीक दाणे धरतात. मी तीन दिवस हलवत होते. जो मेळ जुळला तो तक्त्यात नाहीच. आमच्या साहेबांनी स्वतः पुन्हा करून बघितलं. नाहीच. नवीन जात आहे, आणि ती मी पकडलीय. बावीस वर्षं बाटल्या धुवून धुवून माझे हात सोलले, त्याचं काहीतरी झालं म्हणायचं.

आमच्यात एक रीत आहे. नवी जात ज्या गावी पहिल्यांदा सापडते, त्या गावाचं नाव तिला मिळतं. मोठमोठ्या शहरांची नावं आहेत त्या तक्त्यात. कुठल्याही देशातल्या डॉक्टरला पुढे कधी हा जंतू भेटला, तर तो त्याच नावाने हाक मारणार. नाव नुसतं हौसेचं नसतं, त्यावरून जुनी नोंद सापडते, माग लागतो, औषध कळतं. गावाचा रकाना मी भरायचा, मग साहेबांची सही, आणि मग कागद बाहेरदेशी जाणार.

मी आनंदात लिहितेय, आणि लाजही वाटतेय. आठातली एक मुलगी शनिवारी गेली. आठ वर्षांची होती. तिच्या नळीवर तिचं नाव माझ्याच अक्षरात आहे.

पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात मुलांचा पत्ता लागला. शिबिरातली मुलं आहेत. मुक्काम ताव्हाँश.

सेराफाँ, तुझ्याकडे चालत वर आलेली चाळीस पोरं तीच का? आणि ग्रिओत आता कशी आहे?

पेरोन

*

झोर्व्हा
१५ ऑगस्ट १९५७

ताई,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. फ्लोरांतीनला दाखवलं नाही.

ती पोरं ताव्हाँशला दहा दिवस राहिली. सकाळ-संध्याकाळ तिथलं दूध प्यायली, तिथल्या झऱ्यात डुंबली, न धुतलेली फळं खाल्ली. आमच्याकडे एक दुपार! एका दुपारसाठी तू आमच्या गळ्यात हे बांधणार? माझी ओदिल त्याच गोळ्यातलं खाते, ती ठणठणीत आहे. मी खातो. सगळं गाव खातं. ग्रिओतला काही झालेलं नाही. ते मे महिन्यातलं ओल्या गवताने झालं होतं, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गाईला होतं.

तू लिहितेस, जगभरचे डॉक्टर त्या नावाने हाक मारणार. अगं, मग आमचं काय? शिक्का महिन्याभरावर आलाय. सालीवर 'झोर्व्हा' आणि पुस्तकात रक्ताच्या जुलाबाला 'झोर्व्हा'. कोण घेईल? एकवीस घरं आहेत गावात, दुसरं काही पिकत नाही इथे, दगड पिकतात. तू निघून गेलीस तेव्हा बाबा महिनाभर बोलले नाहीत, तरी तुझ्या शिक्षणासाठी दर वर्षी चाकं खाली जात राहिली. ती चाकं कुठल्या गावाच्या नावावर विकली गेली ते आठव.

मेलेल्या पोरीचं मला वाईट वाटतं. मीही बाप आहे. पण गावाचं नाव तिथे लिहून ती उठणार आहे का?

रकाना तूच भरणार आहेस ना? मग भर. मुक्काम ताव्हाँशलाच होता. यात खोटं काय आहे?

सेराफाँ

*

लोझान
२७ ऑगस्ट १९५७

सेराफाँ,

भरला. 'ताव्हाँश' लिहिलं. साहेबांनी वाचलं, सही केली, म्हणाले, "सुंदर नाव आहे." कागद गेला.

खोटं नाही, असं मीही स्वतःला सांगितलं. मुक्काम तिथेच होता. शिबिराच्या बाईंच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, 'एकदा झोर्व्हाच्या कुरणावर सहल, ताजं चीज खाल्लं.' ते पत्र माझ्या खणात आहे. कागदांबरोबर मी ते जोडलं नाही. इतकी वर्षं मी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता.

आता तू माझं ऐकायचं. ग्रिओतचं दूध कढईत घालू नकोस. एक थेंबसुद्धा नाही. सोबत बाटली पाठवतेय, उकळून बंद केलेली आहे. तिच्या दुधाचा नमुना घे, दुसऱ्या डबीत शेण घे, आणि मला पाठव. माझ्या नावाने, घरच्या पत्त्यावर. गाय वरून बरी दिसली तरी पोटात जंतू बाळगून असते, वर्ष-वर्ष बाळगते. घरात दूध उकळल्याशिवाय ओदिलला द्यायचं नाही. लोकांना काय सांगायचं ते तू ठरव, पण हे कर. मी तुझ्यासाठी केलं, तू माझ्यासाठी एवढं कर.

पेरोन

*

झोर्व्हा
२० ऑक्टोबर १९५७

ताई,

उशीर झाला. गाई खाली आणायच्या होत्या, मग तळघर, मग सरकारी माणूस. मिळाला शिक्का. पहिल्या चाकावर उमटवला तेव्हा सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या.

ताव्हाँशचं तुला कळलंच असेल. सप्टेंबरच्या शेवटी पशुवैद्य आले, तिघं, पांढरे डगले घालून. कुठून तरी नाव कळलं होतं त्यांना. प्रत्येक गोठ्यात गेले. सात गाईंमध्ये काहीतरी सापडलं म्हणाले. काय सापडलं ते सांगायला थांबले नाहीत, सगळा कळप कत्तलीला नेला. अडतीस गाई. ओनेझिमकाका रस्त्यात उभे राहून प्रत्येकीला नावाने हाक मारत होते, आणि त्या मुक्या मान वळवून बघत होत्या. मी तिथे होतो. मदतीला गेलो होतो, सगळेच गेले होते.

त्यांच्या तळघरातलं चीज दरीत नेऊन पुरलं. मयताची चाकं तेवढी काकांनी लपवून ठेवली, ती द्यायला तयार होईनात. खाली बाजारात आता पोट बिघडलं की पोरं म्हणतात, "मला ताव्हाँश लागलंय." लोक हसतात. परवा मी दुकानात उभा असताना एकजण म्हणाला आणि माझ्याही तोंडावर हसू आलं. तसंच आलं, ताई, मी आणलं नाही.

काका काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, "असेल माझीच एखादी गाय. मला दिसायला हवं होतं. डोळे गेले माझे." एका शब्दाने कुणाला बोल लावत नाहीत. रविवारी प्रार्थनेनंतर त्या मेलेल्या मुलीसाठी मेणबत्ती लावतात.

बाटलीचं राहून गेलं. कुरणावरून टपाल कसं पाठवणार? आणि आता ग्रिओत गाभण आहे, दूध आटत आलंय. कशाला उगाच.

सेराफाँ

*

लोझान
३० नोव्हेंबर १९५७

सेराफाँ,

'साल्मोनेला ताव्हाँश' छापून आलं. चार ओळी आहेत. शेवटी माझं नाव आहे, बारीक अक्षरात. प्रयोगशाळेत त्यांनी मला फुलं दिली. मी ती वाटेत नदीत टाकली.

एकदा छापलं की नाव बदलत नाही. गाव नकाशावरून पुसलं गेलं तरी जंतूचं नाव तेच राहतं. मी तुला हे आधी सांगायला हवं होतं. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

ताव्हाँशच्या सात गाईंमध्ये जे सापडलं त्याचे नमुने आमच्याकडेच आले होते. ती जुनी, साधी जात होती, कुठल्याही गोठ्यात सापडते ती. आपली नव्हे. मी काचेवर स्वतः बघितलं. बोलायला गेले तर पहिला प्रश्न येणार, मग ही कुठून आली? मी साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दोनदा. मी घाबरट आहे, सेराफाँ. लहानपणी तू खोडी करायचास आणि मी गप्प बसायचे, तशीच बसलेय, फक्त आता मी बेचाळीस वर्षांची आहे.

'राहून गेलं' म्हणतोस? तुला भीती वाटतेय की बाटलीत काय निघेल. माझी पण तीच गत आहे. तरी पाठव. पाया पडते. ग्रिओत विईल तेव्हा तिच्या अंगातला जंतू पुन्हा जोर धरेल. नाहीतर सरळ खाटकाकडे दे, पाय मोडला म्हणून सांग. अजून एक खोटं, त्याने निदान भलं होईल.

नाताळला मी येणार नाही. काकांसमोर मला बसता येणार नाही.

पेरोन

*

झोर्व्हा
११ फेब्रुवारी १९५८

ताई,

घाईत लिहितोय, टपालाची गाडी थांबवून ठेवलीय. ओदिलला ताप आहे, आज चौथा दिवस. पोटात काही ठरत नाही. कालपासून रक्त पडतंय.

ग्रिओत व्याली दहा दिवसांपूर्वी, कालवड झाली. राणीचा पहिला चीक घरच्या लेकीने प्यायचा, तुला माहीत आहे, तूही प्यायली आहेस. आईनेच दिला होता तुला. फ्लोरांतीनने धार काढली आणि कोमट वाटीच ओदिलच्या हातात दिली. तिला काय माहीत? मी तिला कधी काही सांगितलंच नाही. मी दारात उभा होतो. ताई, मी दारात उभा होतो आणि म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय.

औषध कुठलं ते सांग. लगेच.

सेराफाँ

*

लोझान
१२ फेब्रुवारी १९५८

तार पाठवलीय, हे पत्र तिच्या मागोमाग येईल.

ओदिलला आत्ताच्या आत्ता खालच्या इस्पितळात ने. घोंगडीत गुंडाळ आणि स्लेजवरून ने, गाडीची वाट बघू नकोस. डॉक्टरला नाव सांग: साल्मोनेला ताव्हाँश. कागदावर लिहून दे. नाव सांगितलंस तर त्याला आमच्याकडे फोन करता येईल. या जातीवर कुठलं औषध चालतं आणि कुठलं अजिबात चालत नाही, ते इथे तपासून ठेवलंय. नाव नाही सांगितलं तर तो नेहमीचं औषध देईल, आणि ते याच्यावर चालत नाही. दोन दिवस फुकट जातील. तिच्याकडे दोन दिवस नाहीत.

डॉक्टर विचारेल तुला कसं माहीत. सांग. सगळं सांग. गाईचं सांग, माझं सांग. आता कुणाचं काय व्हायचं ते होऊ दे.

पेरोन

*

झोर्व्हा
२ मार्च १९५८

ताई,

तू मयताला आली नाहीस. बरं झालं. आली असतीस तर मी तुझ्याकडे बघितलं नसतं, आणि तुझ्याशिवाय बघायला दुसरं कुणी नव्हतं.

काय झालं ते तुला एकटीला लिहितोय. फ्लोरांतीन आत झोपलीय, दिवसरात्र झोपूनच असते.

इस्पितळात पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं नाही. तुझी तार खिशात होती. हात खिशात जायचा आणि तिथेच राहायचा. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने नेहमीचं औषध सुरू केलं. मी म्हटलं, बघू, कदाचित चालेल. कदाचित ते नसेलच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओदिलने मला ओळखलं नाही. तेव्हा मी कागद त्याच्या हातात ठेवला. त्याने वाचलं आणि लगेच विचारलं, "ताव्हाँश? मुलगी तिथे गेली होती? काही खाल्लं होतं?"

ताई, तो ते नाव वाचून विचारत होता. नावच तसं आहे. मी फक्त मान हलवायची होती.

मी म्हणालो, "हो. जानेवारीत तिच्या धर्मबापाच्या घरी गेली होती. तिथे तिने जुनं चीज खाल्लं."

त्याने तुमच्याकडे फोन केला, औषध बदललं. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. डॉक्टर म्हणाला, एक दिवस आधी कळतं तर.

गावात बातमी माझ्याआधी पोहोचली. ओनेझिमच्या घरचं चीज खाऊन पोर मेली. कुणी त्यांच्या दाराशी शेण टाकलं. तरी मयताला ते आले. बर्फातून दोन तास चालत, काळा कोट घालून, डोकं उघडं. ओदिलचं चाक तळघरातून वर आणलं होतं. सहा वर्षांचं. मयताचं चाक चाळीस वर्षांचं असावं, पन्नास वर्षांचं असावं, सुरी चालू नये इतकं कठीण. हे अजून मऊ होतं. वर काकांनीच कोरलेलं नाव, 'ओदिल', आणि बाजूला त्यांना काढता येतं तसं एक फूल.

कापायचा मान धर्मबापाचा. त्यांनी कापलं, तुकडे पाटावर मांडले, आणि पाट घेऊन एकेकासमोर गेले. कुणी घेईना. एकवीस घरांतली माणसं भिंतीला पाठ लावून उभी, हात खिशात. फ्लोरांतीनने तोंड फिरवलं. काका सगळ्या खोलीतून फिरले, मग माझ्यासमोर आले, आणि मी खाली बघितलं. तेव्हा त्यांनी पाट टेबलावर ठेवला, एक तुकडा उचलला आणि उभ्याउभ्या एकट्याने खाल्ला. सावकाश. सगळ्यांच्या देखत. चावण्याचा आवाज येत होता.

मग मला बाहेर ओसरीवर घेऊन गेले. म्हणाले, "सेराफाँ, पोर माझ्याकडे जानेवारीत आली होती? मला आठवत नाही रे. किती आठवून बघतो. पण तू म्हणतोस म्हणजे आली असेल. माझं डोकंही गेलं आता." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आधी ती शहरातली पोर, आणि आता आपली ओदिल. मला माफ कर. तू माफ केलंस तर मी मरेन सुखाने."

मी म्हणालो, "केलं, काका."

ग्रिओत गोठ्यात आहे. मस्त आहे. कालवडही छान आहे.

माझ्याने बोलवत नाही, ताई. तोंड उघडतो आणि दुसरंच निघतं. पहिल्यापासून तसंच झालं. तू लिही. तुला लिहिता येतं.

सेराफाँ

*

लोझान
५ मार्च १९५८

आदरणीय ओनेझिमकाका,

ओदिल तुमच्याकडे जानेवारीत आली नव्हती. तुमचं डोकं शाबूत आहे. जे घडलं नाही ते तुम्हाला आठवणार कुठून?

ताव्हाँशमध्ये हा जंतू कधीच नव्हता. तुमच्या अडतीस गाईंपैकी एकीच्याही अंगात नव्हता. तो झोर्व्हाचा आहे, आमच्या घरच्या ग्रिओतच्या दुधातला. शिबिरातली मुलगी त्याने गेली आणि ओदिलही त्यानेच गेली. सेराफाँला गाय आजारी होती हे माहीत होतं. मला मुलं कुरणावर खाऊन आली हे माहीत होतं. गावाचं नाव मी लिहिलं. माझ्या हाताने, शाईने, समजून-उमजून. सेराफाँने मागितलं म्हणून लिहिलं, पण लिहिलं मीच.

आज मी हे सगळं साहेबांना सांगितलं आणि शिबिराच्या बाईंचं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. माझी नोकरी गेली, ते ठीकच आहे. पशुवैद्यांना कळवलंय, महिनाअखेर ते झोर्व्हाला जातील. नावाबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, बदलत नाही. पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा येईल, पण तो कुणी वाचणार नाही, नाव सगळे वाचतील. तुमचं गाव त्या तक्त्यात कायमचं राहिलं, आणि ते मला दुरुस्त करता येत नाही.

माफी मागण्याचं धाडस माझ्यात नाही. तुम्ही ओसरीवर मागितलीत, ती तुमची नव्हती. ती आमची होती.

पेरोन

*

ताव्हाँश
१९ मार्च १९५८

पेरोन,

मला लिहायची सवय नाही. पाद्रींनी लिहून देतो म्हटलं, मी नको म्हटलं.

तुझं पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसलो. रिकामाच आहे. एकेका खुंट्यापाशी जाऊन त्यांना सांगितलं की तुमच्यात काही नव्हतं. कुणी बघितलं असतं तर वेडा म्हटलं असतं.

दोन पोरी माझ्या हातून गेल्या असं धरून मी हा हिवाळा काढला. ते ओझं तू उतरवलंस, बरं झालं. पण राग आला तो येऊ दे, बाई. म्हातारा झालो म्हणून राग येत नाही असं नाही. तुझ्या भावाला मी अंगावर खेळवलं. तुला शहरात जायच्या दिवशी माझ्या पाठुंगळीवरची शिदोरी दिली. आणि तुम्ही दोघांनी मला अडतीस गाईंच्या मागे रस्त्यात उभं केलं.

ते पुस्तकातलं नाव राहू दे. ते वाचणारे इथे येत नाहीत. इथे येतात ती खालच्या बाजारातली माणसं. आमच्या पोरी ज्या गावांत दिल्यात तिथली माणसं. ती नाव उच्चारतात आणि हसतात.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. कागदाने झालं ते कागदाने फिटणार नाही.

ओदिलचं अर्धं चाक माझ्याकडे आहे. मयताच्या दिवशी कुणी घेईना, तेव्हा मी कोटात गुंडाळून घेऊन आलो. कापताना सुरी नावावरून गेली. पाटावरचे तुकडेही घरी आणले आणि एकट्याने संपवले. 'दिल' मी खाल्लं, 'ओ' आणि फूल राहिलंय.

सेराफाँला सांग, ते त्याचं आहे, घेऊन जा. मागच्या पायवाटेने यायचं नाही. रविवारी प्रार्थना सुटल्यावर यायचं, भर उजेडात, झोर्व्हाच्या एकवीस दारांवरून आणि मग आमच्या चौदा दारांवरून, ग्रिओतला दोरीने धरून. प्रत्येक दाराशी थांबायचं आणि गाईचं नाव सांगायचं, मग स्वतःचं. शेवटचं दार माझं.

मी घरीच असतो.

ओनेझिम